रमशिवायचा पुदिन्याचा मोहितो पन्नास माणसांसाठी कसा करायचा? पार्टी गच्चीवर, शनिवारी

इंदिरानगरची_लेक:

नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी आई-पप्पांच्या लग्नाला ३० वर्षं होतायत म्हणून आम्ही भावंडांनी घरच्या गच्चीवरच पार्टी ठेवलीये. आधी पंचवीस माणसं म्हणत होतो, आता पन्नासच्या घरात गेलीत. जेवण बाहेरून सांगितलंय त्यामुळे त्याचं टेन्शन नाही, प्रश्न प्यायच्या गोष्टीचा आहे. आपल्या नाशकात पार्टी म्हटली की वाइनच्या बाटल्या येणारच, दादाचे मित्र आणणार आहेत, ते त्यांचं बघतील. पण माझी आजी, दोन्ही माम्या, वहिनी (सातवा महिना चालूये), दहा-बारा पोरं आणि आमचे एक काका ज्यांनी दारू पूर्ण सोडलीये, ह्या सगळ्यांच्या हातात दरवेळी काय येतं तर मोठ्या बाटलीतलं कोमट कोल्ड्रिंक, तेही कागदी कपात. ह्यावेळी मला ते अजिबात नकोय. ह्यांच्यासाठी पण काहीतरी नीट, मन लावून केलेलं असावं असं फार वाटतंय.

पुदिन्याचा मोहितो करायचं डोक्यात आहे, अर्थात रम न घालता. पण दुकानात मिळतं ते हिरवंगार सिरप मी चाखलं, टूथपेस्टचा वास येतो त्याला, आणि घरी पुदिना मिक्सरमधून काढला की थोड्या वेळात काळपट पडतो आणि घशाशी कडू लागतं. मला हे तीन-चार प्रश्न आहेत, एक म्हणजे कडू का होतं आणि रंग कसा टिकवायचा, दुसरं म्हणजे पन्नास माणसांना एकेक ग्लास बनवत बसले तर मी पार्टीत कधी येणार, म्हणजे आधी काय करून ठेवता येईल, आणि तिसरं पुदिना, लिंबू, सोडा किती आणायचा ते. एप्रिलचं ऊन बघता माणशी दोन ग्लास तरी जातील असं धरलंय. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा प्लीज.


कॉलेजरोड_काउंटर:

ताई, मी हॉटेलात पेयांच्या काउंटरलाच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

आधी कडूपणाचं. पुदिन्याचा चांगला वास पानाच्या वरवरच असतो, पानावर बारीक बारीक तेलाच्या ग्रंथी असतात, त्या नुसत्या दाबल्या तरी फुटतात. मिक्सरचं पातं मात्र पूर्ण पान चिरडतं, मग आतला सगळा हिरवा रस बाहेर येतो, तो चवीला गवतासारखा आणि कडवट असतो, वर त्याला हवा लागली की सफरचंद कापून ठेवल्यावर होतं तसं काळं पडायला लागतं. त्यात लिंबू पिळलं की अजून भर, कारण आंबटात हिरवा रंग टिकतच नाही, खाकी होतो. म्हणून पहिला नियम, मिक्सर नाही. दुसरा नियम, पुदिना आणि लिंबू आदल्या दिवशी एकत्र करायचं नाही, त्यांची गाठ ग्लासात किंवा जगमध्ये शेवटच्या क्षणालाच घालायची.

आता रम काढल्यावर काय होतं ते बघा, कारण बहुतेक ठिकाणी मॉकटेल म्हणून जे देतात ते नुसतं गोड लिंबू सोडा लागतं त्याचं कारण इथं आहे. मोहितो हे क्युबाचं, हवानाचं पेय, पांढरी रम, लाइम, साखर, पुदिना आणि सोडा, बस एवढंच. पुदिन्याचं तेल पाण्यात नीट उतरत नाही, अल्कोहोलमध्ये छान उतरतं, त्यामुळे रम गेली की वास पण अर्धा जातो, आणि घशाला जी ऊब लागते, जिभेवर जो भरीवपणा येतो तो पण जातो. ही जागा साखर वाढवून भरायला गेलात तर फसतं. मी असं करतो, पानं साखरेत घालून हातानं चोळायची. साखरेचे दाणे पानाला खरवडतात आणि तेल साखरेत ओढलं जातं. चुरगळेपर्यंत नाही हं, साखर ओलसर झाली आणि स्वयंपाकघरभर वास सुटला की थांबायचं. उबेसाठी आल्याचा रस, अगदी थोडा, आलं घातलंय हे ओळखू आलं नाही पाहिजे. आणि चिमूटभर सैंधव, मिठानं कडवटपणा दबतो आणि लिंबू खुलतं.

तुमच्यासाठी हिशोब. साडेसातशे मिलीची सोड्याची एक बाटली म्हणजे सहा ग्लास, हे एक माप डोक्यात ठेवा, बाकी सगळं त्यावरून निघतं. एका बाटलीला १८० मिली पुदिन्याचा पाक, ९० मिली लिंबाचा रस, म्हणजे ग्लासाला ३० मिली पाक आणि १५ मिली रस. आपली कागदी लिंबं मध्यम असली तर एका लिंबाचा साधारण तेवढाच रस निघतो, म्हणजे ग्लासाला एक लिंबू धरा. शंभर ग्लास धरले तर सतरा बाटल्या सोडा, शंभर-एकशे दहा लिंबं (काही कोरडी निघतातच) आणि तीन लिटर पाक. पाकाला २ किलो साखर आणि २ लिटर पाणी घेतलं की तीन लिटरच्या थोडा वरच होतो. पुदिन्याच्या आठ-दहा चांगल्या जुड्या, त्यातल्या दोन जुड्यांचे शेंडे सजावटीला बाजूला काढून ठेवायचे.

पाक असा करा. शुक्रवारी संध्याकाळी पानं खुडायची, जाड दांडे घ्यायचे नाहीत, कडू असतात. मोठ्या परातीत पाण्यात दोन-तीनदा धुवा, पुदिन्यात माती फार असते, पानं वरून हातानं उचलून घ्या, गाळणीत ओतलीत तर तळाची माती परत पानांवर. कापडावर कोरडी करून साखरेत चोळून अर्धा तास झाकून ठेवा. तिकडे २ लिटर पाणी उकळा, गॅस बंद करा, मग ही साखर-पानं त्यात, ढवळून झाकण. पुदिना उकळायचा नाही, उकळला की काढ्यासारखा लागतो आणि सगळा वास वाफेबरोबर गच्चीवर पोचतो. वीसेक मिनिटांनी गाळा, पानं पिळू नका, गार करून फ्रीजमध्ये. हा पाक हिरवा होणार नाही, फिकट सोनेरी होईल, होऊ द्या. हिरवा रंग ग्लासातल्या ताज्या पानांचा दिसला पाहिजे, पाण्याचा नाही.

लिंबं शनिवारी दुपारी पिळा, आदल्या दिवशी नको, रस ठेवला की कडवट होतो. ओट्यावर तळहातानं दाबून फिरवून घ्या, रस जास्त निघतो, आणि सालीचा जीव जाईपर्यंत पिळू नका. देताना ग्लासात बर्फ, जगमध्ये पाक आणि रस, वरून गार सोडा कडेनं ओतायचा, लांब चमच्यानं तळातून एकदाच वर उचलायचं. घुसळलंत तर गॅस गेला. सोडा शुक्रवार रात्रीपासून फ्रीजमध्ये पाहिजे, गार सोड्यातच गॅस टिकतो. शेवटी पुदिन्याचा शेंडा दोन तळव्यांत ठेवून एक टाळी वाजवा आणि ग्लासाच्या कडेला, नाकाजवळ येईल असा खोचा. माणूस आधी वास पितो मग पाणी, माझा अनुभव आहे.


गंगापूररोड_मावशी:

अगं लेकी, आई-वडिलांना आमच्याकडून शुभेच्छा सांग. वरच्या भाऊंनी छानच लिहिलंय, पण मला मनापासून वाटतं की आजी आणि माम्यांना सोडा नको. वय झालं की रात्रीच्या वेळी सोडा पोटात फुगतो, आणि चैत्र चालूये, कैरी बाजारात आलीये, पुदिना आणि कैरी ही जोडी सोडायची कशाला?

चार मोठ्या आंबट कैऱ्या उकड, गर काढ. मुठभर पुदिना घे, उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडव आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाक, मग मिक्सरमधून काढलास तरी काळा पडत नाही. भाऊंनी मिक्सर नको म्हटलंय ते त्यांच्या पेयाला बरोबर आहे, त्यात पाणी नितळ दिसायला हवं असतं, पन्ह्यात गर असतोच त्यामुळे वाटलेला पुदिना चालतो, आणि गराच्या आंबट-गोडात थोडा कडवटपणा कळत पण नाही. भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ, गूळ किंवा साखर चवीप्रमाणे. वेलची मात्र घालू नको, साध्या पन्ह्यात ती हवीच पण पुदिन्याबरोबर दोन वास भांडतात. गुळानं रंग तांबूस होतो, हिरवं हवं असेल तर साखर घे. हा घट्ट गर सकाळी करून फ्रीजमध्ये ठेव, रंग संध्याकाळपर्यंत थोडा मंद होईल, चव नाही जात. पुदिना शेवटी, म्हणजे पाहुणे यायच्या तासभर आधी मिसळलास तर सगळ्यात चांगलं.

आणि पाणी माठातलं. माठात आदल्या दिवशी वाळ्याची एक स्वच्छ धुतलेली जुडी सोडून ठेव. वाळ्याचं पाणी, कैरी, पुदिना, बर्फाचा एखादाच खडा. म्हाताऱ्या माणसांना फार गार सोसत नाही, आणि पुदिन्याला तेवढी गरजही नसते, तोंडाला गारवा तो आपला आपण देतो.


इंदिरानगरची_लेक:

मावशी किती छान सुचवलंत, आजीसाठी हेच करणार, आजीला वाळा फार आवडतो. कॉलेजरोड दादा तुमचा बाटलीला सहा ग्लासचा हिशोब प्रिंट काढून फ्रीजवर लावला सुद्धा. पुदिना कुठून आणि कधी घेऊ? बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर ढीगभर असतो पण तो शनिवारपर्यंत टिकेल का?


दिंडोरी_बागवाला:

टिकतो ना, पण नीट ठेवला तर. घरी आणल्या आणल्या जुडीचा दोरा सोडा, पिवळी-काळी पानं काढा, धुवू नका, देठं पाण्याच्या ग्लासात उभी करून वरून सैल पिशवी घाला आणि फ्रीजमध्ये दारात ठेवा. नाहीतर सुती ओल्या फडक्यात गुंडाळून भाजीच्या कप्प्यात. तीन दिवस आरामात जातो. तरी मी म्हणेन पाकाला लागणारा बुधवारी घ्या आणि सजावटीचे शेंडे शुक्रवारी संध्याकाळी ताजे आणा, कारण जे डोळ्याला दिसणार ते टवटवीत पाहिजे. घेताना पान चोळून वास बघा, मोठं मोठं पान दिसायला भारी असतं पण नुसतं पाणी पिऊन वाढलेलं असलं तर त्याला वास कमी, मध्यम पानाची जुडी घ्या.

आता माझ्या पिकाचं सांगतो, कारण नाशिकची पार्टी आणि द्राक्ष फक्त वाइनमध्येच, हे मला पटत नाही. सीझन शेवटाला आलाय, आत्ताच्या मालात साखर भरपूर उतरलेली असते. हिरवी बिनबियांची, थॉमसन किंवा सोनाका, दोन किलो घ्या, वाहत्या पाण्याखाली चोळून चोळून धुवा, पूर्ण कोरडी करा, देठ काढून ताटात एकेक मोकळी पसरून डीप फ्रीजरमध्ये रात्रभर. कडक झाली की डब्यात भरा. ह्या गोठवलेल्या मण्यांनी ग्लास गार राहतो आणि ते वितळून पेय पाणचट होत नाही, शेवटी खायला मिळतात ते वेगळंच. नितळ सोड्यात हिरवे मणी आणि पुदिना, दिसतं पण सुंदर. बर्फ पूर्ण बंद नका करू, अर्धा बर्फ अर्धे मणी.

फक्त एक, लहान पोरांच्या ग्लासात अख्खा मणी टाकू नका, पाच वर्षांखालच्यांना तर नाहीच, घशात अडकतो, गोठलेला असला तर अजून धोका. त्यांना उभे चिरून साधे मणी वाटीत द्या. गर्दीत पोरं एकमेकांच्या ग्लासात हात घालतात म्हणून पोरांचे ग्लास वेगळ्या टेबलावर ठेवा.


पंचवटीकर:

मी इथे फार लिहीत नाही, पण तुम्ही काकांचा उल्लेख केलात म्हणून लिहितोय. मी स्वतः दारू सोडलेला माणूस आहे. आपल्याकडे लग्न, वाढदिवस, साखरपुडा, आता सगळीकडे ग्लास फिरतात, आणि ज्यानं सोडलीये त्याला त्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त त्रास पिण्याच्या इच्छेचा होतो असं लोकांना वाटतं, मला तरी तो तेवढा होत नाही, त्रास होतो तो हातात काय आहे ह्याचा. रिकामा हात दिसला की कोणीतरी येऊन विचारतंच, अरे तुझ्यासाठी काय आणू, एक घे ना, एकानं काय होतं. कागदी कप दिसला तरी विचारतात. तेच हातात छान काचेचा ग्लास असला, त्यात बर्फ, पुदिना, लिंबाची चकती, तर कोणी विचारत नाही, गप्पा मारता येतात, माणूस पार्टीत असतो. तुम्ही जे करताय ते काकांसाठी किती मोठं आहे हे कदाचित ते बोलून दाखवणार नाहीत.

म्हणून काही गोष्टी मनापासून सांगतो. सगळ्यांना एकाच प्रकारचे ग्लास ठेवा, वाइनला काच आणि बाकीच्यांना प्लास्टिक असं करू नका. पण जग मात्र पूर्ण वेगळे आणि लांबच्या टेबलावर, त्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी, आणि त्या टेबलावर एक जबाबदार माणूस. पार्टी रंगली की कोणीतरी उत्साहात जगमध्ये काहीतरी ओततो, हे मी पाहिलेलं आहे, आणि वहिनी आणि पोरं पण त्यातूनच पिणार आहेत. चमचे, गाळणी, मापाचे पेले पण वेगळे ठेवा.

दुसरं, रमचा वास येणारं इसेन्स बाजारात मिळतं, ते घालून हुबेहूब करण्याचा मोह होईल, माझी विनंती आहे की घालू नका. तो वास आम्हाला नको असतो. कोणी बिटर्सचे, म्हणजे कॉकटेलमध्ये घालतात त्या कडू अर्काचे थेंब घालायला सांगितलं तर तेही नको, त्या छोट्या बाटल्यांमध्ये बहुतेक करून अल्कोहोलच असतं. आणि काकांना ग्लास देताना हे तुमच्यासाठी खास बिनदारूचं असं चारचौघांत म्हणू नका. सगळ्यांना देता तसा द्या.


सिडकोची_सून:

पंचवटीकर दादा, वाचून डोळ्यांत पाणी आलं, हे मी आमच्या घरच्या ग्रुपवर पण पाठवणार आहे.

माझा छोटा प्रश्न कॉलेजरोड दादांना, आमच्याकडे पण पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, सासऱ्यांना शुगर आहे आणि अजून तीन-चार जण तसे असतील, ३० मिली पाक म्हणजे साखर किती झाली? आणि साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला तर चालेल ना?


कॉलेजरोड_काउंटर:

ताई, त्या मापाच्या ३० मिली पाकात साधारण १८-१९ ग्रॅम साखर असते, म्हणजे चार लहान चमचे, कमी नाही ती. गूळ आणि मध पण शेवटी साखरच आहे, शुगरवाल्यांना त्यानं फरक पडतो असं समजून देऊ नका. त्यांच्यासाठी पाक नसलेला जग वेगळाच करायचा. काकडी किसून तिचं पाणी, लिंबाचा रस नेहमीपेक्षा निम्मा, सैंधव, आल्याचा रस, आणि पुदिन्याची पानं खलबत्त्यात चिमूटभर मिठाबरोबर हलकी दाबून. साखर नसली की लिंबू फार टोचतं म्हणून ते कमी, आणि काकडीमुळे तोंडात भरीवपणा राहतो. भिजवलेला सब्जा एक चमचा घातला तर अजून छान, सब्जा कोमट किंवा साध्या पाण्यात वीस मिनिटं पूर्ण फुगू द्या, कोरडा वरून टाकू नका.

अजून एक चीज सांगतो, इराणमध्ये सेकंजबीन म्हणून जुनं पेय आहे, साखरेचा किंवा मधाचा पाक, व्हिनेगर आणि पुदिना, मग गार पाणी आणि किसलेली काकडी. व्हिनेगरचा आंबटपणा लिंबासारखा ठेवल्यावर बिघडत नाही, त्यामुळे ज्यांना दोन-चार दिवस आधी सगळं करून ठेवायचंय त्यांच्यासाठी हे उत्तम. सासऱ्यांसाठी नाही हां, त्यात साखर भरपूर, पण बाकीच्यांना द्या, आपल्याकडच्या उन्हाळ्यात इतकं चपखल बसतं की मला ते फार आवडतं.

आणि ज्यांना ॲसिडिटीचा, जेवल्यावर घशाशी येण्याचा त्रास आहे त्यांना पुदिना जास्त देऊ नका, काहींना त्यानं त्रास वाढतो. अशांना मावशींचं पन्हं पुदिना न घालता, तेही बेतानंच, कैरी आंबट आहे.


इंदिरानगरची_लेक:

पंचवटीकर काका, तुमचं लिहिलेलं दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला जगच्या टेबलावर मीच उभा राहतो. सगळ्यांना काचेचेच ग्लास, भाड्याने सांगितले आत्ताच, आणि इसेन्स वगैरे काहीच नाही.

आता शेवटचे दोन प्रश्न. बर्फ किती आणि कुठला? आमच्या शेजारचे म्हणतायत लादी आणून फोडू, स्वस्तात होईल. आणि आजीकडे मोठं पितळी पातेलं आहे, जुनं, एकदम सुंदर, त्यात फुलं वगैरे लावून पुदिन्याचं सरबत ठेवलं तर काय मस्त दिसेल, चालेल का?


कॉलेजरोड_काउंटर:

लादी ग्लासात अजिबात नको. लादीचा बर्फ बऱ्याचदा मासे, दूध, बाटल्या गार ठेवायला बनवलेला असतो, पाणी कुठलं ते सांगता येत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून नियमच आहे की खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग टाकायचा, पण पांढरा दिसला म्हणजे चांगलाच असं धरून चालू नका. खाण्याचा बर्फ पिशवीत पॅक केलेला मिळतो, नळीसारखे तुकडे असतात, तो घ्या, शंभर ग्लासांना दहा-बारा किलो ग्लासात लागेल, वितळणं धरून पंधरा आणा. बाटल्या आणि जग बाहेरून गार ठेवायला टबमध्ये लादी चालेल, फक्त तो टब आणि ग्लासाचा बर्फ वेगवेगळ्या ठिकाणी, आणि बर्फाला हात नाही, चिमटा किंवा डाव. पोरांना हे आधीच सांगून ठेवा कारण ते लादीचे तुकडे तोंडात टाकतात. पिशवीचा बर्फ शनिवारी संध्याकाळी पाचनंतरच आणा, गच्ची दिवसभर तापलेली असते, सात वाजता पण फरशी गरम लागते, थर्माकोलच्या खोक्यात भरून वरून जाड चादर टाका.

जग एकदम सगळे भरून ठेवू नका. दोन भरा, दोन संपले की पुढचे दोन. पाक आणि रस वेगवेगळ्या बाटल्यांमध्ये मोजून आधी तयार ठेवलात, म्हणजे प्रत्येक बाटलीत बरोबर एका जगचं, तर दादाला फक्त ते आणि सोडा ओतायचंय, तुम्ही पाहुण्यांत राहाल.


गंगापूररोड_मावशी:

पितळी पातेल्यात थेट सरबत नको गं, लिंबू आणि कैरीच्या आंबटानं पितळ-तांबं कळकतं, चव बिघडते आणि पोटाला वाईट. आतून ताजी कल्हई असेल तर ठीक, पण जुन्या पातेल्याची कल्हई बहुतेक उडालेली असते, आणि शनिवारपर्यंत कल्हईवाला सापडणं अवघड. ॲल्युमिनियमचं पातेलं पण नको, आंबटाला स्टील किंवा काच.

पण आजीचं पातेलं बाहेर काढच. त्यात बर्फ भर, मध्ये काचेचे जग बसव, कडेनं पुदिन्याच्या जुड्या, मोगरा आणि लिंबाच्या फोडी. पितळ दिसेल, जग गार राहतील आणि सरबताला धातू लागणार नाही. त्या बर्फाला मात्र कोणी हात लावायचा नाही.

अजून एक, पुदिन्याचे जे दांडे उरतील ते टाकू नकोस, त्यातले गाठी असलेले चार-सहा ताजे दांडे पाण्यात ठेव, आठवड्या-दहा दिवसांत मुळं फुटतात. मग पसरट कुंडीत लाव, अर्ध्या उन्हात, उन्हाळ्यात दोन वेळा पाणी. दुसऱ्या झाडाबरोबर लावू नको, सगळी कुंडी धरतो तो. रोजच्या ताकाला पुदिना घरचाच होईल.